आठवीच्या भूमितीसाठी अ‍ॅनिमेशन शिकू का?

मॅडम, तुम्ही विचारायलात की शिरोलंब-मध्यगेच्या धड्यासाठी डिजिटल साहित्य बनवायचंय, शाळेत एक टीव्ही अन् चार-पाच टॅब आहेत, तर अ‍ॅनिमेशनचा कोर्स लावू का. नका लावू. मी परभणीकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिलं वर्ष मी बी त्यातच घातलं, रंगीत त्रिकोण गरागरा फिरायचे, मागं म्युझिक, लेकरं खूश, अन् चाचणीत पहिले पाढे पंचावन्न.

जिओजेब्रा घ्या, भूमितीच्या आकृत्या काढून बोटानं हलवता येतात असं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं, अन् एकदा टाकलं की नेट लागत नाही, आपल्याकडं तेच बघावं लागतं. त्रिकोण काढा, तिन्ही शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) टाका, ते जिथं मिळतात तो संपातबिंदू लाल करा, झालं. लेकरू एक शिरोबिंदू बोटानं ओढतंय, लघुकोन त्रिकोण आहे तोवर लाल टिपका आत, काटकोन झाला की थेट त्या कोपऱ्यावर जाऊन बसतो, अन् विशालकोन झाला की बाहेर. आमच्याकडं एक पोरगी ओरडलीच, "सर, संपात पळाला!" पण ओढायच्या आधी टिपका कुठं जाईल ते वहीत लिहून घ्या, नाहीतर दोन मिनिटांत त्रिकोणाची पतंग करून खेळत बसतेत. मध्यगा (शिरोबिंदू अन् समोरच्या बाजूचा मध्य जोडणाऱ्या रेषा) त्याच फाइलीत चेकबॉक्सनं लपवून ठेवा, नंतर उघडा. मध्यगा जिथं मिळतात तो गुरुत्वमध्य, त्रिकोण कितीबी ताणला तरी बाहेर निघत नाही, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या, आपण गप बसायचं (हेच अवघड जातंय).

एक फजिती सांगतो. तीन कोनांची बेरीज दाखवायला गेलो अन् स्क्रीनवर ६०, ६१, ६०. लेकरांनी बेरीज केली, १८१! पोरं हसायलीत, मला घाम. खरे कोन ५९.६, ६०.६, ५९.८ असे काहीतरी असतेत, सॉफ्टवेअर प्रत्येकाला वेगवेगळं पूर्ण अंशात बसवतंय. दशांश वाढवून बी कधी कधी ०.१ चा घोळ राहतोच. उपाय असा, दोन कोन स्लायडरला (स्क्रीनवरच्या सरकपट्टीला) बांधा, एकेक अंशानं सरकणारे, मग तिसरा आपोआप पूर्ण अंशातच येतो.

सूचना युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टातलं टॅबवर नुसता कचरा दिसतो.

एम.एड.वाले तुम्हाला विश्लेषण, आराखडा, निर्मिती, वापर, मूल्यमापन असे पाच टप्पे सांगतील, चूक नाही ते, पण सगळे कागद भरेपर्यंत थांबू नका. अर्धी कच्ची फाइल आधी पाच-सहा लेकरांच्या हातात द्या, त्यात गणितात मागं असलेली दोन-तीन घ्या, अन् बोट कुठं अडतंय ते बघत बसा. माझ्या फाइलीत टिपके एवढे बारीक होते की बोटाखाली सापडायचेच नाहीत, ते मला टीव्हीवर माउसनं करताना कळलंच नव्हतं.

टॅब कोणते अन् किती जुने आहेत ते सांगा, लई जुन्यावर ॲप अडकतंय, त्याप्रमाणं फाइल हलकी करून देतो.