चपलांच्या दुकानासाठी मालक व कारागिरांचे फोटो काढताना उजेड कसा योजावा?

आपण विचारले आहे की, कोल्हापुरात आपले चपलांचे छोटे दुकान असून वडिलांचे, आपले आणि दोन कारागिरांचे फोटो व्हिजिटिंग कार्ड, व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलवरील दुकानाच्या पानासाठी हवे आहेत. जवळ एक साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि एक फ्लॅश आहे. तेव्हा स्टुडिओत जावे की दुकानातच फोटो काढावेत, आणि दुकानात काढायचे तर प्रकाशाची व्यवस्था कशी करावी. मी कोल्हापुरात बरीच वर्षे छोट्या व्यावसायिकांचेच फोटो काढत आलो आहे. फोटो दुकानातच काढावेत, आणि तेही दुकानातील सगळे दिवे बंद करून काढावेत, असे माझे मत आहे.

दुकानातील दिवे माल उठून दिसावा म्हणून बसवलेले असतात, माणसाचा चेहरा दिसावा म्हणून नव्हे. छतावरचा दिवा सरळ डोक्यावर पडतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि नाकाची सावली वरच्या ओठावर उतरते. त्यातच शोकेसमधील पिवळसर दिवे साधारण ३००० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा), तर बाहेरून येणारा दिवसाचा उजेड साडेपाच हजार केल्विनच्या आसपासचा असतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, एका वेळी एकाच रंगाचा उजेड सावरू शकतो. म्हणून एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर असा फोटो हाती येतो. सुरुवातीच्या काळात गुजरी या सराफ बाजारातील एका सराफाचे फोटो काढताना दागिने चमकावेत या आग्रहाखातर मी शोकेसचे दिवे चालू ठेवले. खालून आलेल्या पिवळ्या उजेडाने त्यांची हनुवटी आणि गळा यांचा रंग असा बदलला की संगणकावर कितीही दुरुस्ती केली तरी तो नैसर्गिक होईना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळे फोटो पुन्हा काढावे लागले. काही कारणाने दिवे चालू ठेवणे भागच असेल, तर कॅमेऱ्याचा शटरस्पीड, म्हणजे फोटो घेताना उजेड आत येऊ देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होतात, आणि याहून वेगवान शटरस्पीडला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

दिवे बंद केल्यावर आपल्या दुकानाचे उघडे शटर हाच मोठा दिवा ठरतो. उजेड मऊ पडतो की कडक, हे उजेडाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने किती मोठा आणि किती जवळ आहे यावर ठरते. दहा फूट रुंद आणि सात-आठ फूट उंच उघडे शटर, त्यातून थेट ऊन येत नसेल तर, बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही नेहमीच्या सॉफ्टबॉक्सपेक्षा (फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीपेक्षा) मोठे असते. व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार माणसाला एका बाजूच्या खिडकीपाशी बसवतात तेही याचसाठी: एका दिशेने येणाऱ्या मऊ उजेडात चेहऱ्याची ठेवण स्पष्ट होते आणि सुरकुत्या विद्रूप न होता जिवंत दिसतात.

रचना अशी करावी. ज्यांचा फोटो काढायचा त्यांना शटरच्या रेषेपासून पाच फूट आत, दुकानाच्या मधोमध उभे करावे, आणि आपण शटरच्या एका कोपऱ्यात, बाजूच्या भिंतीला लागून उभे राहावे. दुकान दहा फूट रुंद असेल तर कॅमेरा आणि चेहरा यांत सुमारे सात फूट अंतर पडते आणि शटरमधून येणारा उजेड चेहऱ्यावर कॅमेऱ्याच्या मानाने ४५ अंशांतून पडतो. पार्श्वभूमीला समोरची भिंत आणि चपलांच्या मांडण्या तिरक्या येतात व त्या पुरेशा लांब असल्याने थोड्या धूसर होतात. दूरचा गाल फार काळा पडत असेल, तर त्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट कोणाला तरी धरायला सांगावी. उलट चेहरा सपाट वाटत असेल, तर कॅमेऱ्याच्या मागचा शटरचा भाग काळ्या कापडाने झाकावा. शटर मात्र अर्धे खाली ओढू नये. तसे केल्यास आकाशाचा उजेड तुटतो, रस्त्यावरून परतलेला उजेड तेवढा उरतो आणि चेहरा खालून उजळतो.

वेळ निवडताना दुकानाचे तोंड पाहावे. पूर्वाभिमुख दुकानात दुपारनंतर आणि पश्चिमाभिमुख दुकानात सकाळी काम करावे. उत्तराभिमुख दुकान सर्वांत सोयीचे, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे या दिवसांत ढग नसतील तर शटरवर पातळ पांढरे कापड ताणावे लागते. पावसाळ्यातील ढगाळ उजेड मऊ असतो, मात्र दुकानापुढे निळी ताडपत्री बांधलेली असेल तर तो निळा होऊनच आत येतो. तेवढ्यापुरती ती गुंडाळून ठेवावी. समोरच्या दुकानावर मोठा लाल किंवा हिरवा फ्लेक्स असेल, तर त्याचाही रंग चेहऱ्यावर उतरतो.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या डीएसएलआरचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) एपीएस-सी, म्हणजे साध्या डीएसएलआरमध्ये असतो तसा लहान आकाराचा असेल, तर ५० मिमीची लेन्स ७५ ते ८० मिमीसारखी चौकट देते आणि ती अशा फोटोंना योग्य असते. पाच फुटांपेक्षा जवळ जाऊ नये, कारण चेहऱ्याचे प्रमाण अंतरावरून ठरते आणि जवळून नाक मोठे दिसते. ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/४ ठेवून फोकस जवळच्या डोळ्यावर घ्यावा. वडिलांनी पांढरा सदरा, टोपी किंवा फेटा घातला असेल, तर कॅमेरा पांढऱ्या रंगाला करड्याकडे ओढतो आणि त्यात चेहरा काळवंडतो. अशा वेळी उजेडाचे मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे, पण सदऱ्याच्या वीणीचा तपशील पांढऱ्यात नाहीसा होऊ देऊ नये. चष्म्यात शटरचे प्रतिबिंब दिसत असेल, तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलाव्यात किंवा हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगावी.

कारागिरांचे फोटो हा या कामातील सर्वांत मोलाचा भाग आहे असे मी मानतो, आणि तिथेच सर्वांत जास्त हयगय होताना पाहतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या हातांच्या कसबावर उभे आहे ते हात जाहिरातीत सहसा दिसत नाहीत. कारागिराला नवा शर्ट घालून भिंतीपुढे उभे करण्याऐवजी त्याच्या बसण्याच्या जागी, हातात रापी (चामडे कापण्याचे हत्यार) आणि समोर चामडे असताना फोटो घ्यावा. तो जमिनीवर बसून काम करतो, म्हणून आपणही जमिनीवर बसावे आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. उभे राहून वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान आणि लाचार दिसतो, आणि तो तसा नाही.

कामाच्या खोलीत उजेड बहुधा अपुरा असतो, त्यामुळे आपला फ्लॅश इथे वापरावा. तो कॅमेऱ्यावर बसवून समोरून मारू नये. एक साधा ट्रिगर (कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश उडवणारे उपकरण), स्टँड आणि पांढरी छत्री घ्यावी आणि छत्री कारागिराच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा फूटभर उंच, चेहऱ्यापासून तीन फुटांवर लावावी. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. म्हणून चेहऱ्यापासून तीन फूट असलेल्या छत्रीचा उजेड तिच्यापासून सहा फुटांवरील भिंतीवर चौथाईच पोहोचतो, पसारा आपोआप मागे सरतो आणि चेहरा पुढे येतो. छत्री थोडी खाली झुकवल्यास उजेड हातांपर्यंतही जातो. एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) २०० आणि फ्लॅशची ताकद एक अष्टमांश येथून सुरुवात करून पाहावे. खोलीतील मूळ उजेड किती दिसू द्यायचा हे शटरस्पीडने ठरते: १/२०० वर खोली काळोखी होते, १/३० वर खिडकीचा उजेडही फोटोत येतो, मात्र तेवढ्या संथ गतीला कॅमेरा टेकवून धरावा.

वडील ‘फोटो’ हा शब्द ऐकताच ताठ होतील, श्वास रोखतील. त्यांना हसायला सांगू नये. एखादी जुनी चप्पल त्यांच्या हाती द्यावी आणि तिची वेणी कोणी घातली, कातडे कसले आहे, हे विचारावे. ते बोलू लागले की तीस-चाळीस फोटो घ्यावेत. वाक्य संपवून ते आपल्याकडे पाहतात तो क्षण बहुधा कामाचा निघतो. नंतर चेहरा गोरा करणे, त्वचा गुळगुळीत करणे यांपैकी काहीही करू नये. फोटो पाहून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला गल्ल्यावर तोच माणूस बसलेला दिसला पाहिजे.

व्हॉट्सॲपवर फोटो गोलात कापला जातो, म्हणून डोक्याच्या चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवावी. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरावेत; कार्डावर दीड इंचाचा फोटो असेल तर ४५० पिक्सेल पुरतात, परंतु पुढे फ्लेक्स करायचा विचार असेल तर मूळ फाइल जपून ठेवावी आणि छपाईवाल्याला ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी, एरवी ती दाबली जाऊन येते. कारागिरांचे फोटो कुठे वापरणार ते त्यांना आधी सांगून लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येकाला एक छापील प्रत द्यावी.

फोटो काढण्याच्या आदल्या दिवशी एक काम करावे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता घरच्या कोणालाही वर सांगितलेल्या जागी उभे करून मोबाइलवर फोटो घ्यावा आणि नाकाची सावली पाहावी. ज्या वेळी ती मऊ कडेची असून गालाकडे तिरकी, लहानशी पडलेली दिसेल आणि दोन्ही डोळ्यांत शटरचा उजळ चौकोन उमटलेला असेल, ती आपल्या दुकानाची वेळ.