डिप्रेशन की अँक्झायटी? माझे आठ महिने गेले त्यात

तुम्ही लिहिलंय की घरीच पीएचक्यू-९ (डिप्रेशनची प्रश्नावली) आणि गॅड-७ (अँक्झायटीची) भरलं, १४ आणि १३ गुण आले, आणि आता यातलं नक्की काय झालंय तेच कळेना. वाचून पोटात गोळाच आला, चार वर्षांपूर्वी मी अगदी इथेच अडकले होते. (मी डॉक्टर नाही, भोगलेली पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.)

दोन्ही फॉर्म मागच्या दोन आठवड्यांचंच विचारतात. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान ठरवायचं डॉक्टरांचं पुस्तक) डिप्रेशनसाठी दोन आठवडे पुरतात, नऊपैकी पाच लक्षणं, आणि त्यात उदासी किंवा कशातच रस न उरणं यातलं एक हवंच. पण जनरलाइज्ड अँक्झायटीला (गॅड-७ हिच्यासाठीच) बहुतेक दिवस काळजी, तीही सहा महिने, असं लागतं. म्हणजे १३ आले म्हणून अँक्झायटी ठरली असं होत नाही. त्यात झोप, थकवा, लक्ष न लागणं हे तिन्ही दोन्ही याद्यांत आहे, त्यावरून काहीच सुटत नाही.

माझी चूक हीच. ही तीन लक्षणं अँक्झायटीच्या यादीत वाचली आणि डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला अँक्झायटी आहे." त्यांनीही पुढे एक प्रश्न विचारला नाही, पाच मिनिटांत गोळ्या, दर वेळी फाइलवर तीच ओळ उतरवलेली, आठ महिने! अजून राग येतो मला, कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना.

दुसऱ्या डॉक्टरांकडे आई सोबत आली. मी धडधड, काळजी तेच सांगत होते, तर आई मध्येच म्हणाली, "अहो, रोज पेटी वाजवायची ही, आता वरची धूळसुद्धा पुसत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधीपासून? माझ्याकडे उत्तरच नव्हतं, आईकडे होतं. गणपतीपासून. शेवटी दोन्ही निघालं, आणि दोन्ही एकत्र असणं अजिबात दुर्मिळ नाही.

माझं मत विचाराल तर नाव सांगूच नका, काय बंद पडलंय आणि कधीपासून ते कागदावर लिहून न्या, घरातलं एक माणूस न्या. थायरॉइडचंही विचारा, त्यानेही असंच होऊ शकतं. गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला (मरून जावं, स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, तो) शून्य सोडून काहीही लिहिलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका हो, आजच घरात कुणालातरी सांगा, टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.