आधी तळघरातला एसटीपी

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. घोडबंदर रोडवरचं तुमचं संकुल टँकरमुक्त करायचं, ही तुझी इच्छा मला मनापासून पटली. पण नव्या यंत्रांची यादी सध्या बाजूला ठेव. तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आधी धड चालू दे.

शेजारच्या नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसा आणि उल्हासमधून उचललेलं, शुद्ध केलेलं पाणी इतक्या लांबून येतं आणि आपण ते फ्लशमध्ये ओततो. माणशी रोज १३५ लिटर हा निकष, त्यातले ४५ फ्लशचे. तुमच्या ३०० घरांत घरटी ४ माणसं धरली, तर फ्लशलाच रोज ५४,००० लिटर लागतात. म्हणजे १०,००० लिटरचे पाचाहून जास्त टँकर! एवढं पाणी तुमच्याच सांडपाण्यातून निघू शकतं.

मग निघत का नाही? वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवतात म्हणून. टाकीतले घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात. हवा तुटली की पाणी काळवंडतं, फ्लशला वास मारतो, रहिवासी भांडायला येतात. मग कमिटी फ्लशला पिण्याचं पाणी जोडून देते आणि अर्धवट शुद्ध झालेलं सांडपाणी नाल्यातून खाडीत जातं. विजेचे वाचवलेले पैसे टँकरवर जातात ते वेगळेच.

म्हणून आधी ऑपरेटरदादांशी बोल. एरिएशन टाकीतलं, म्हणजे ब्लोअरची हवा सोडतात त्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या पारदर्शक भांड्यात घेऊन अर्धा तास हलवायचं नाही. तपकिरी गाळ खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, तर ठीक. गाळ काळा आणि वास सडका असेल, तर हवा कमी पडतेय. लॅबचा अहवाल यायला वेळ लागतो, हे तिथल्या तिथे कळतं. तूही अधूनमधून खाली जाऊन बघ. त्या तळघरात कमिटीचं कुणी फिरकतच नाही, हे मला फार खटकतं.

एका बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नकोस. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१९ मध्ये आपल्याच ढोकाळीत एका सोसायटीच्या एसटीपीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून गेले. टाकीतला गाळ ओढून घेणारी सक्शनची गाडी परवडत नाही असं सभेत कुणी म्हणालं, तर तिथेच उठून विरोध कर.

तुझ्या आराखड्यातल्या ओल्या कचऱ्याचं त्यामानाने सोपं आहे. खताच्या खड्ड्याला वास येतो तो ओल जास्त आणि हवा कमी म्हणून. तुमचा माळी पालापाचोळा पोत्यात भरून बाहेर देतो, तोच ओल्या कचऱ्यावर थराथराने पसरायला सांग. आणि वर्गीकरणाची पत्रकं वाटण्याआधी घरकाम करणाऱ्या मावशींना विश्वासात घे. बऱ्याच घरांत कचऱ्याचा डबा त्याच बाहेर आणतात.

पुढच्या सभेत वर्षभराची टँकरची बिलं आणि ब्लोअरचा विजेचा खर्च शेजारी शेजारी मांड. हिशेबात अडलीस तर फोन कर, शनिवारी मी घरीच असतो.

तुझा,
काका