पाळणे विकले, म्हणजे कर्ज फिटले का?

प्रश्न : करमणूक उद्याने चालवणाऱ्या एका कंपनीचे थोडे समभाग माझ्याकडे आहेत. कंपनी कर्जात आहे आणि आता ‘काही उद्याने विकण्याचा विचार चालू आहे’ असे व्यवस्थापन सांगते. यादीतले निदान एक उद्यान तरी उत्तम चालते. चालते दुकान विकून कर्ज फेडण्यात शहाणपण आहे का? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : न चालणारे उद्यान बाजारात कोणी घेत नाही, म्हणून चालणारेच विकायला काढावे लागते. शहाणपणाचा प्रश्न मात्र कागदावर हिशेब मांडूनच सुटतो. समजा, एका उद्यानातून सगळा चालू खर्च वजा जाता वर्षाला १० कोटी रुपये उरतात आणि ग्राहक त्याच्या आठपट, म्हणजे ८० कोटी, द्यायला तयार आहे. कंपनीच्या कर्जावर १२ टक्के व्याज असेल, तर ८० कोटी फेडल्याने वर्षाला ९ कोटी ६० लाख व्याज वाचते, पण १० कोटींची मिळकत कायमची जाते. कर्ज घटल्याची बातमी होते, आणि कंपनी असते तिथेच राहते, किंबहुना ४० लाखांनी मागेच जाते.

तरीही विक्री होते, त्याची दोन कारणे आहेत. मुद्दल फेडण्याची तारीख तोंडावर आली की वार्षिक मिळकत कामाला येत नाही, रोकड लागते. शिवाय वर उरलेले १० कोटी पूर्णपणे खिशात पडत नाहीत. दोन-तीन वर्षांत नवा पाळणा किंवा नवी घसरगुंडी आणली नाही, तर एकदा येऊन गेलेले कुटुंब पुन्हा फिरकत नाही, आणि आपल्याकडच्या जल उद्यानांना तर एप्रिल ते जून या तीन महिन्यांच्या कमाईवर उरलेले वर्ष काढायचे असते. विकलेल्या उद्यानाबरोबर हा पुढचा खर्चही दुसऱ्याच्या गळ्यात जातो. विक्रीतला खरा फायदा मला इथेच दिसतो, पण कंपन्या त्याविषयी फारसे बोलत नाहीत.

अमेरिकेतील सिक्स फ्लॅग्स कंपनीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २०० कोटी डॉलरहून अधिक कर्ज असलेल्या या कंपनीने जून २००६ मध्ये सहा उद्यानांच्या विक्रीचा विचार जाहीर केला आणि त्यात लॉस एंजेलिसजवळचे मॅजिक माउंटन हे तिचे नावाजलेले उद्यानही होते. जानेवारी २००७ मध्ये सौदा ठरला, तेव्हा मॅजिक माउंटन राखून ठेवून आणि मूळ यादीबाहेरचीही काही धरून इतर सात उद्याने ३१ कोटी २० लाख डॉलरला देण्यात आली, आणि त्यातले २७ कोटी ५० लाखच रोख होते. कर्जाच्या डोंगरापुढे ही रक्कम तुटपुंजी होती. जून २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्यावर सुमारे २४० कोटी डॉलरचे कर्ज होते. बहुतेक उद्याने त्या काळातही चालूच राहिली. २०१० मध्ये कंपनी त्यातून बाहेर पडली ती जुने समभाग रद्द होऊन. गंमत अशी की, विकलेल्यांपैकी काही उद्याने २०१८ मध्ये भाडेपट्ट्याने पुन्हा याच कंपनीकडे चालवायला आली.

आपल्या राज्यात खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे वेगळे घडले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानाच्या कंपनीने २०१५ मध्ये १८० रुपये दराने समभाग विक्रीला आणले. कर्जाचा भार असह्य झाल्यावर २०२२ मध्ये कर्जाची फेररचना होऊन कंपनीचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. पाळणे जागचे हलले नाहीत, मालक बदलला. जुन्या भागधारकाचा कंपनीतला वाटा मात्र नव्या समभागांमुळे आक्रसला.

म्हणून आपण जाहीर झालेल्या विक्रीच्या रकमेवर जाऊ नये. ती एकूण कर्जाच्या किती टक्के आहे, हातात रोख किती येणार आहे आणि विक्रीनंतर उरणाऱ्या उद्यानांची मिळकत उरलेल्या व्याजाला पुरते का, हे वार्षिक अहवालातून तपासावे. रक्कम कर्जाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढीच असेल, तर कंपनीने थोडा वेळ विकत घेतला आहे, एवढेच मी मानीन.

प्रश्न : नवा मालक उद्यान चालवणार की जागा मोकळी करून प्लॉट पाडणार, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? — एक वाचिका, मनीषनगर, नागपूर

उत्तर : पाळण्यांकडे न पाहता जमिनीकडे पाहावे. पाळणा उभारताना जो पैसा जातो, त्यातला बराचसा पाया, वीजजोडणी आणि जागेवरच्या कामात गाडला जातो आणि पाळणा उचलताना त्यातले काहीच सोबत येत नाही. ह्यूस्टन शहरातले १९६८ चे अॅस्ट्रोवर्ल्ड हे उद्यान सिक्स फ्लॅग्सने २००५ च्या ऑक्टोबरअखेर बंद केले आणि पुढच्या वर्षी जमीन ७ कोटी ७० लाख डॉलरला विकली. ही किंमत अपेक्षेपेक्षा बरीच कमी होती. तिथला एक लोखंडी रोलर कोस्टर सुटा करून ठेवण्यात आला आणि तो कॅनडातल्या माँट्रियल येथे २०१० मध्ये पुन्हा धावला, पण लाकडी सांगाड्याचा कोस्टर पाडूनच टाकावा लागला. त्या जमिनीवर गजबजलेली वसाहत काही उभी राहिली नाही आणि तिचा मोठा भाग पुढे गाड्या लावायला वापरला जाऊ लागला. उद्यान गेले आणि जमिनीचेही सोने झाले नाही, असा हा सौदा मला वाटतो.

आपल्याकडे जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि शहरात असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहावी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असेल, तर बँकेच्या संमतीशिवाय विक्री पुढे सरकणार नाही. जमीन सरकारी किंवा निमसरकारी संस्थेच्या भाडेपट्ट्याची असेल, तर चालकाकडे विकायला जमीनच नसते. अशा वेळी उद्यानाचा धोका भाडेपट्ट्याच्या वाटाघाटीत असतो. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातले केंटकी किंगडम हे उद्यान २०१० मध्ये याच कारणाने बंद पडले : जमीन राज्याच्या मंडळाची, भाड्याच्या अटी जुळल्या नाहीत, चालक निघून गेला आणि नव्या चालकासह उद्यान उघडायला २०१४ उजाडले. याउलट जमीन कंपनीच्या मालकीची, आधीच अकृषक झालेली आणि वर्धा मार्गासारख्या वाढत्या भागातली असेल, आणि खरेदीदाराला उद्यान चालवण्याचा अनुभवच नसेल, तर आपली शंका रास्त समजावी.

प्रश्न : शाळेच्या सहलीसाठी एका उद्यानात आगाऊ रक्कम भरायची आहे आणि ते विकले जाणार अशी चर्चा आहे. पैसे बुडतील का? — एक मुख्याध्यापिका, हिंगणा

उत्तर : कंपनीचे समभाग विकले गेले, तर कंपनी तीच राहते आणि आपला करारही कायम राहतो. केवळ उद्यान दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर जुन्या आगाऊ रकमांची जबाबदारी नव्या मालकाने लेखी स्वीकारली आहे का, हे विचारावे. कंपनी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली गेली, तर स्थगिती लागू होते, तिच्यावर नवा दावा लावता येत नाही आणि जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत आपली मागणी नोंदवावी लागते. त्या रांगेत तारण असलेल्या बँका आपल्या पुढे असतात. तेव्हा जेवढ्यावर तारीख राखून ठेवतील तेवढीच रक्कम शाळेच्या खात्यातून धनादेशाने द्यावी, कंपनीच्या नावाची पावती घ्यावी आणि बाकीचे पैसे सहलीच्या दिवशी फाटकावर चुकते करावेत.