दोन वर्षांच्या अनुभवावर वेब डेव्हलपरने तांत्रिक ब्लॉग लिहावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रंट-एंडवर, म्हणजे वेबसाइटच्या डोळ्यांना दिसणाऱ्या भागावर, काम करायला लागून दोन वर्षं झाली, टीम लीड म्हणतात लिहीत जा, पण सुचलेला प्रत्येक विषय आधीच कुणीतरी लिहून ठेवलेला दिसतो. त्यात चुकलं तर बघणारी माणसं याच क्षेत्रातली. आणि एवढं करून नोकरीत काही उपयोग होतो का?

मी दहाएक वर्षं वेबवर काम करतेय आणि त्यातली आठ वर्षं अधूनमधून लिहितेय. चुकण्याच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण तुम्ही म्हणताय ते माझ्या बाबतीत अगदी तसंच घडलं.

माझा तिसरा लेख तारखांवर होता. आमच्या एका फॉर्ममध्ये वापरणारा १ मार्च निवडायचा आणि सर्व्हरवर २८ फेब्रुवारी जाऊन बसायचा. कारण तुम्हाला माहीत असेल. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना, दिवस देऊन तारीख बनवली की ती तुमच्या स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीची बनते. मग तिचा मजकूर करायला ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ चालवलं की ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलते. ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या पुढे आहे त्यांची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवसातलीच कुठलीतरी वेळ. झाला दिवस मागे. एवढा भाग मी नीट समजून घेऊन लिहिला होता आणि तो आजही बरोबर आहे.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण लेख छोटा वाटला, म्हणून उत्साहात शेवटी एक तुकडा जोडला: आजपासून पुढचे सात दिवस कसे दाखवायचे. युक्ती अशी की आजची मध्यरात्र घ्या आणि दर वेळी २४ तास, म्हणजे ८,६४,००,००० मिलिसेकंद मिळवत जा. माझ्या मशीनवर चालवून बघितलं, सात दिवस सात तारखा, उत्तम. प्रकाशित केलं.

चार महिन्यांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. दोन ओळींचा. आमच्याकडे तुमच्या कोडमध्ये एक रविवार दोनदा दिसतो, एवढंच म्हणणं. मला आधी वाटलं, यांनीच कॉपी करताना काहीतरी गडबड केली असणार. मग संगणकाचा टाइमझोन बदलून बघितला आणि खरंच, रविवार, परत रविवार, मग सोमवार.

जिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे नेतात, तिथे शरद ऋतूत ते परत मागे आणतात आणि तो एक दिवस २५ तासांचा होतो. त्या रविवारच्या मध्यरात्रीत २४ तास मिळवले की आपण पोचतो रविवारी रात्री अकरालाच. गंमत म्हणजे घड्याळ पुढे नेतात तेव्हा दिवस २३ तासांचा असतो आणि माझं गणित सोमवारी पहाटे एकला पोचतं. वेळ चुकते पण तारीख बरोबर दिसते, त्यामुळे चूक झाकलेली राहते. वर्षातून एकदाच उघडी पडणारी चूक! त्या माणसाने उपायही सांगितला होता: तास मोजू नका, तारीख बदलणाऱ्या ‘सेट-डेट’ला आजच्या तारखेत एक मिळवून द्या, दिवस किती तासांचा आहे ते ब्राउझरचं इंजिन बघून घेईल.

आता यातली खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. तो तुकडा मी लेखासाठी मुद्दाम लिहिला नव्हता. आमच्या प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या, कॅलेंडरची युक्ती मी जशीच्या तशी सांगितली होती. दोन सीनियर मंडळींनी कोड तपासून, म्हणजे रिव्ह्यू करून, पास केलेली. त्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही, आम्ही सगळे एकाच टाइमझोनमध्ये बसणारे, एकाच कंपनीचे लॅपटॉप वापरणारे. आम्हाला ती कधीच दिसली नसती. मी लीडना जाऊन सांगितलं, दुपारी दुरुस्ती डिप्लॉय झाली, लेखाच्या वर मोठी टीप टाकली.

तेव्हापासून मी ब्लॉगकडे बघते ते शिकवण्याची जागा म्हणून नाही. तो एक कोड रिव्ह्यू आहे, फक्त रिव्ह्यू करणाऱ्यांचं घड्याळ, ब्राउझर, इंटरनेटचा वेग, हात आणि डोळे आपल्या टीमपेक्षा वेगळे असतात. दोन वर्षांच्या अनुभवाला हे जास्तच लागू पडतं. तुमचं काम आज रोज फार तर पाच-सहा माणसं बघत असतील, आणि ती बहुधा एकमेकांसारखीच काम करणारी असतील.

दुसरी गोष्ट हातांचीच. अगदी सुरुवातीच्या काळात मी बटणं सुबक करण्यावर लिहिलं होतं आणि त्यात बिनधास्त सांगितलं होतं की क्लिक केल्यावर येणारी ती निळी कड नको असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘आउटलाइन: नन’ लिहा. डिझायनर खूष, मी खूष. माउस अजिबात न वापरता फक्त कीबोर्डवर काम करणाऱ्या एका वाचकाने लिहिलं की ही कड गेली की पानावर मी कुठे आहे हेच मला कळत नाही. रागाने लिहिलं नव्हतं, पण मला चांगलंच लागलं. मी तोपर्यंत टॅब की दाबत एकही पान पूर्ण फिरले नव्हते! त्या वेळी कीबोर्डवाल्यांना कड दाखवायची आणि माउसवाल्यांना नाही, असं सरळ करता येत नव्हतं. ते करून देणारं ‘फोकस-व्हिजिबल’ सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आलं ते मार्च २०२२ मध्ये, सफारी १५.४ आल्यावर. म्हणून आधी स्वतःची वेगळी कड द्यायला सांगितली, नंतर पुन्हा लेख बदलला.

या लेखाचं एक शेपूट आहे. काही वर्षांनी टीममध्ये आलेल्या एका मुलाने आउटलाइन काढून टाकली, मी रिव्ह्यूमध्ये हरकत घेतली, तर त्याने पुरावा म्हणून एक लिंक चिकटवली. उघडली तर मजकूर माझाच! कुठल्यातरी आयत्या बिळावरच्या नागोबाने माझा जुना लेख शब्दन् शब्द उचलून आपल्या साइटवर टाकला होता, अर्थातच दुरुस्तीची टीप येण्याआधीची आवृत्ती. मुलाला काय सांगणार? सांगितलं की हे लिहिणारी बाई तेव्हा चुकली होती, मला पक्कं माहीत आहे.

म्हणून तारीख आणि आवृत्ती लेखाच्या डोक्यावरच लिहा. कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या आवृत्तीवर बघितलं, काय बघितलं नाही, तेही. चूक सापडली तर लेख गुपचूप बदलू नका आणि उडवूनही टाकू नका; काय चुकलं होतं ते वर लिहा. आणि लेखाचा वेबपत्ता (यूआरएल) बदलू नका. चांगले पत्ते बदलत नसतात हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. मी ते वाचलेलं असूनही प्लॅटफॉर्म बदलताना सगळे पत्ते बदलले आणि मग एक अख्खा शनिवार जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारे ३०१ रीडायरेक्ट लिहीत बसले.

आता ‘सगळं आधीच लिहिलेलं आहे’ याबद्दल. आपल्या धंद्यातले गाजलेले लेख बघा. इथन मार्कोट यांचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनचा, म्हणजे पडद्याच्या आकाराप्रमाणे बदलणाऱ्या पानांचा, लेख मे २०१० मध्ये आला. लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि पडद्याप्रमाणे नियम बदलणारी मीडिया क्वेरी, तिन्ही गोष्टी तेव्हा लोकांना सुट्या सुट्या माहीत होत्या; त्यांनी त्या एकत्र आणून नाव दिलं. त्याआधी फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी पान पुन्हा न उघडता सर्व्हरवरून माहिती आणण्याच्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं, तेव्हाही त्यामागचं एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्ट इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये १९९९ पासून पडून होतं. तुम्ही-मी असा लेख लिहिणार नाही आहोत, ते सोडा. पण अगदी वरच्या पातळीवरही नव्या शोधापेक्षा नीट मांडणीची किंमत किती असते ते यातून कळतं.

आपल्या पातळीवर जागा कुठे आहे, तर दोन गोष्टी जिथे एकमेकींना धडकतात तिथे. डॉक्युमेंटेशन एकेका प्रॉपर्टीबद्दल छान सांगतं. पण ज्याचा पॉपअप स्क्रोलबरोबर वर सरकत चाललाय, तो घटक हलवणाऱ्या-फिरवणाऱ्या ‘ट्रान्सफॉर्म’बद्दल का वाचेल? बाहेरच्या घटकावर ट्रान्सफॉर्म असेल तर आतला ‘पोझिशन: फिक्स्ड’ खिडकीला न चिकटता त्या घटकाला चिकटतो, हे त्याला माहीतच नसतं. तो शोधणार ‘फिक्स्ड पॉपअप स्क्रोल होतोय’. तेव्हा शीर्षकात लक्षण लिहा, रोगाचं नाव आत येऊ द्या. एरर मेसेज असेल तर जसाच्या तसा टाका. माझे सगळ्यात जास्त वाचले गेलेले लेख हे असेच, कंटाळवाण्या शीर्षकांचे आहेत. डोकं लढवून दिलेली शीर्षकं कुणी ढुंकून बघितली नाहीत.

आणि लिहिण्याआधी एक करा, यावर मी हटून बसेन: बग छोटा करा. कोऱ्या एचटीएमएल फाइलमध्ये, फ्रेमवर्क न घेता, वीस-पंचवीस ओळींत तो परत घडवून दाखवा. माझे निम्मे ड्राफ्ट इथेच मेले. एकदा एका ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या, लायब्ररीच्या मोडलवर (पानावर उघडणाऱ्या खिडकीवर) मी आठशे शब्द तावातावाने लिहिले होते. कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा झेड-इंडेक्स ९९९९ देऊनही मोडल हेडरच्या खालीच राहतो म्हणजे काय! उदाहरणासाठी लायब्ररी काढून टाकली, दोन साधे डिव्ह ठेवले, तरी तेच. शोधत गेले तर ज्या घटकात मोडल होता त्याला कुणीतरी ॲनिमेशनसाठी ओपॅसिटी (अपारदर्शकता) ०.९९ दिली होती. ओपॅसिटी १ पेक्षा कमी झाली की नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे थरांचा स्वतंत्र गठ्ठा, तयार होतो आणि आतला झेड-इंडेक्स त्याच्या आतच मोजला जातो. मग ९९९९ द्या नाहीतर ९९ लाख. आणि ते ‘कुणीतरी’ कोण होतं हे कमिटच्या इतिहासात दिसलंच. फुकट काम करणाऱ्या माणसांवर मी स्वतःच्या चुकीचं खापर फोडणार होते.

नोकरीचं विचारलंत. खरं सांगायचं तर थोडाच उपयोग. पैसे शून्य. मला एका लेखाला सहा ते आठ तास लागतात, आणि ते सुट्टीतले. मुलाखतीत दोनदा विषय निघाला. त्यातल्या एका ठिकाणी समोरच्या माणसाला माझा कॅशिंगवरचा (एकदा आणलेली माहिती जवळ साठवून ठेवण्यावरचा) लेख पटला नव्हता. आम्ही पाऊण तास त्यावरच वाद घातला आणि तीच मुलाखत ठरली. ती नोकरी मिळाली. पण यावरून हिशेब मांडू नका. दर आठवड्याला लिहायचंच असा नेमही करू नका. मी केला होता, पाचव्या आठवड्यात ‘दहा उपयुक्त टिपा’ लिहायला लागले. ते लेख अजून आहेत, कुणी वाचत नाही हे माझं नशीब.

‘हे तर डॉक्युमेंटेशनमध्येच आहे’ असं म्हणणारे भेटतील. डॉक्युमेंटेशनची लिंक लेखात जोडा, आभार माना, पुढे चला.

एक गोष्ट मात्र पहिल्या लेखाआधीच करा. आपला नोकरीचा करार काढून वाचा आणि लीडना लेखी विचारा, तोंडी नको. क्लायंटचा कोड नावं बदलूनही टाकू नका, नव्याने लिहा. स्क्रीनशॉट तर नव्या रिकाम्या प्रोजेक्टमधलाच घ्या. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये टोकन, म्हणजे लॉगिनची गुप्त किल्ली, दिसतं, कोपऱ्यातल्या यादीत ग्राहकांची नावं दिसतात. माझ्या एका चित्रात कन्सोलच्या तळाशी आतल्या सर्व्हरचा पत्ता राहून गेला होता. तासाभरात लक्षात आलं, चित्र बदललं, पण नवा लेख वाचकांना आपोआप पोचवणाऱ्या फीडमधून ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याकडे ते गेलेलं होतं. सिक्युरिटीवाल्यांना स्वतःहून जाऊन सांगावं लागलं, तो दिवस आठवायला आवडत नाही. आणि कुणाच्या साइटमध्ये सुरक्षेची फट सापडली, तर आधी त्यांना कळवा, ती बुजली की मग लिहा.

पहिल्या लेखासाठी विषय शोधत बसू नका. गेल्या महिन्यात ज्या बगवर तुमचा अर्धा दिवस गेला आणि दुरुस्ती शेवटी एका ओळीची निघाली, तो घ्या. पाचशे शब्द पुरेत. माझ्यासारखं शेवटी उत्साहाने काही जोडू नका. जोडलंतच, तर टाइमझोन बदलून बघा.

तो तारखांचा लेख अजून आहे, वरच्या टिपेसकट. एरवी दिवसाला पाच-सहा जण येतात. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात आकडा एकदम वर जातो, आणि मला कळतं की कुठल्यातरी ऑफिसात कुणाच्या तरी कॅलेंडरवर परत दोन रविवार उगवलेत.