नवा प्रशिक्षक येताच इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ एका वर्षात इतका कसा सुधारला?

मुख्यतः खेळाडूच बदलले म्हणून. 2023 मध्ये 3 विजय, 9 पराभव. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि 2024 मध्ये 11 विजय, फक्त 2 पराभव. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये आता विद्यापीठ बदललं तरी खेळाडूला वर्षभर बसून राहावं लागत नाही. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातले 13 गडी सोबतच आणले (बचावफळीतला लाइनबॅकर एडन फिशर त्यातलाच), क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) कर्टिस रोर्क ओहायो विद्यापीठातून उचलला. बचावाचे डावपेच आखणारे ब्रायंट हेन्सही तिथलेच जुने सहकारी, त्यामुळे निम्मी शिकवणी आधीच झालेली. मात्र वेळापत्रक बऱ्यापैकी सोपं होतं, हेही खरं. मिशिगनला 20-15 हरवलं, पण ओहायो स्टेटने (हे वेगळं विद्यापीठ) 38-15 असं धुतलं आणि प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत नोटर डेमने 27-17 ने घरी पाठवलं.