हाताने चालते, रात्री का थांबते?

प्रश्न: वडिलांच्या औषध दुकानाची बिलं उबुंटू या लिनक्स प्रणालीवर आहेत. बॅकअपची स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) टर्मिनलवर नीट चालते, पण रात्री अकराला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) एकही फाइल बनत नाही. स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर: स्क्रिप्ट कुठल्या शेलने, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, वाचायची, हे सांगणारी पहिली ओळच तुमच्याकडे नाही. टर्मिनलवर तुम्ही बॅश या शेलमध्ये असता, म्हणून बॅशच ती वाचतो. क्रॉन मात्र 'एसएच' या नावाच्या शेलला बोलावतो, आणि उबुंटूत २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश हा दुसरा, साधा शेल. तुम्ही 'इफ'पुढे लिहिलेले दुहेरी चौकटी कंस डॅशला कळत नाहीत. अशी आज्ञाच नाही, असं तो म्हणतो. पण ती अटीच्या जागी असल्याने अट खोटी ठरते आणि स्क्रिप्ट मुकाट पुढे जाते. हे मुकाट जाणंच घातक. एका पतसंस्थेच्या कामात मी याच्यापायी दोन रात्री जागलो आहे.

पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि लगेच बॅशचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनचा पाथही (आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) तोकडा असतो, तेव्हा 'यूएसआर-लोकल'मधल्या तुमच्या आज्ञेचाही पूर्ण पत्ता द्या. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या, ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलंत तर त्याआधी उलटी तिरकी रेघ हवीच. नाहीतर क्रॉन तिथेच आज्ञा तोडतो.

आणि चुकांचे संदेश एका लॉग फाइलमध्ये वळवा. आजच रात्री वळवा, वडिलांची बिलं आहेत ती.